दर्यावरची दुरुस्ती : डोलकाठीतली तार आणि खिडकीतला जावई

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेलो, की माझ्या बोटीवरच्या वारामापकाला ना तार आहे, ना बॅटरीची जोडणी, तो उन्हावर चालतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की गळक्या पंपाचे आणि गंजलेल्या नटबोल्टांचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. पंपवाल्यांनी राग मानू नये.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख. मी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. खलाशी ‘मार्कोनी साब’ म्हणायचे. १ फेब्रुवारी १९९९ ला संकट-संदेशांची नवी व्यवस्था जगभर पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सची टिकटिक करणारा माणूस जहाजाला लागेनासा झाला. तेव्हापासून अलिबागेजवळ राहतो, बावीस फुटी शिडाची बोट सांभाळतो आणि लोकांच्या बोटींवरची यंत्रं उघडून बघतो. त्यामुळे ‘बिनतारी’ या शब्दावर आपला जरा जास्तच हक्क आहे, असं मला वाटतं.

प्रश्न : माझी २४ फुटी जुनी शिडाची बोट आहे. डोलकाठीच्या टोकावरच्या वारामापकाची तार आत कुठेतरी तुटली आहे. नवी ओवायची तर डोलकाठी उतरवायला हवी, म्हणजे क्रेन आली. त्यापेक्षा सौर बिनतारी संच घे, असं मित्र सांगतात. पण एवढ्याशा काळ्या पट्टीवर यंत्र रात्रभर चालतं, हे पटत नाही. – एक वाचक, मांडवा

पटायला मलाही वेळ लागला. माझ्या जहाजावरचा मुख्य ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा होता. राखीव बॅटऱ्यांची एक वेगळी खोलीच असायची. रोज सकाळी हायड्रोमीटर बुडवून प्रत्येक सेलमधल्या ॲसिडची घनता वहीत लिहायची हा माझा नित्यनेम. माझ्या दोन पँटना त्या ॲसिडाची भोकं आहेत. ‘बिनतारी’ म्हणजे एवढा सगळा संसार, अशी माझी समजूत होती.

आता गणित करू. भर दुपारच्या उन्हात एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट पडतात. डिस्प्लेवरची, म्हणजे खाली आकडे दाखवणाऱ्या भागावरची, सौर पट्टी धरा १० सेंटिमीटर बाय ३ सेंटिमीटर. तिच्यावर पडले ३ वॅट. त्यातला दहावा भाग विजेत बदलला, तरी ०.३ वॅट. डिस्प्ले उभा बसवलेला असतो, ऊन तिरपं पडतं, म्हणून त्याचेही निम्मे करा : ०.१५ वॅट. आता खर्च. असं यंत्र सरासरी २० मिलीवॅट खातं असं धरून चालू. चोवीस तासांचे झाले ४८० मिलीवॅट-तास. म्हणजे सव्वातीन तासांच्या बऱ्या उन्हात पुढच्या अख्ख्या दिवसरात्रीची बेगमी झाली. मांडव्याला ऑक्टोबर ते मे या काळात सव्वातीन तास ऊन मिळत नाही, असा दिवस शोधून दाखवा.

खरी मेख पट्टीत नाही, काटकसरीत आहे. तो पडदा मोबाइलसारखा स्वतः उजळत नाही. तो हातातल्या डिजिटल घड्याळासारखा आहे, बाहेरचा उजेड परतवतो आणि आकडे काळे दिसतात. ऊन जितकं कडक, तितका तो स्पष्ट. मोबाइलचं नेमकं उलट. आणि वरचा सेन्सर काही सतत बोलत नसतो. क्षणभर जागा होतो, ‘वारा इतका, दिशा इतकी’ असं काही मिलिसेकंदांत ओरडून सांगतो आणि पुन्हा झोपतो. आम्ही रेडिओवाले संकट-संदेशांच्या पाचशे किलोहर्ट्झवर दर तासाला दोनदा तीन-तीन मिनिटं गप्प बसून फक्त कान देत असू. हा पठ्ठ्या जवळजवळ सगळा वेळ गप्पच असतो. रात्री मात्र पडद्यामागचा दिवा लावला की खर्च चढतो. तो लागेल तेवढाच लावा.

शर्यतीच्या बोटींवर ही जात रुजवली ती इंग्लंडमधल्या हॅम्पशायरच्या एम्सवर्थ गावच्या टॅकटिक कंपनीने. २०११ मध्ये तिला रेमरीनने विकत घेतलं, त्यामुळे जुन्या यंत्रांवर एक नाव आणि नव्यांवर दुसरं दिसतं. फ्रान्समधली एलसीजे कंपनी फिरता भाग नसलेला सौर बिनतारी वारामापक बनवते, स्पेनची कॅलिप्सो ब्लूटूथवाला. त्यांत वाट्या फिरत नाहीत. एका बाजूकडून दुसरीकडे आवाज सोडतात, तो वाऱ्यासोबत लवकर पोहोचतो आणि वाऱ्याविरुद्ध उशिरा, या फरकावरून वेग काढतात.

घेण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, तुमची डोलकाठी कशाची आहे? ॲल्युमिनियमची असेल आणि सेन्सर टोकावर मोकळा असेल, तर काळजी नाही. पण डिस्प्ले डोलकाठीच्या बुडाशी तिच्याच आड आला किंवा डोलकाठी कार्बनची असली, तर संदेश अडखळतो, कारण कार्बनही वीजवाहकच. बसवण्याआधी डिस्प्ले हातात धरून बोटभर फिरा आणि आकडे कुठे गोठतात ते पाहा. दुसरी, अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवू नका. तिकडची यंत्रं ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, युरोपातली ८६८ च्या आसपास. आपल्याकडे अशा कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्यातून सूट आहे ती ८६५ ते ८६८ या पट्ट्यात. अमेरिकेतला सेन्सर आणि युरोपातला डिस्प्ले एकमेकांचं बोलणं ऐकणारच नाहीत.

आणि क्रेन वाचली तरी डोलकाठीवर माणूस चढवावा लागणारच. दोरीच्या पाळण्यात स्वतः बसू नका, तुमच्या पत्रात गुडघ्याचं लिहिलंय तुम्ही. तुम्ही दरवर्षी पावसाळ्याआधी डोलकाठी उतरवून ठेवत असाल, तर मात्र मी म्हणेन तारच घाला. स्वस्तात होईल. तारेचा खरा शत्रू तार नसून डोलकाठीच्या बुडाशी असलेला तिचा जोड आहे. त्याच्या पितळी पिनांवर हिरवा कळंक चढतो. मी गेल्या दहा वर्षांत ‘तार तुटली’ म्हणून आलेल्या जितक्या बोटी पाहिल्या, त्यांतल्या निम्म्यांना जुना टूथब्रश आणि व्हिनेगर पुरलं. तुम्ही तो जोड उघडून पाहिलात का?

प्रश्न : आम्ही मित्र मिळून इंग्लंडमध्ये हॅम्बल नदीवर ठेवलेल्या एका बोटीवर शनिवार-रविवारी जातो. मी मूळचा साताऱ्याचा, समुद्र इथेच आल्यावर पाहिला. सौर बिनतारी संच आहे. वारा डावीकडून घेऊन वाऱ्याच्या रोखाने वर चढताना कोन ३८ दाखवतो, उजवीकडून घेताना ४४. बोट वाकडी आहे का? शिवाय ‘खरा वारा’ आणि ‘भासमान वारा’ हे दोन आकडे कधीकधी अगदी एकच दाखवतो, तेही कळत नाही. – एक वाचक, साउथॅम्प्टन

साताऱ्याचा माणूस सोलेंटच्या सामुद्रधुनीत शीड ओढतोय, वाचून बरं वाटलं. शिवाय वर उल्लेख केलेलं एम्सवर्थ तुमच्याच परगण्यात येतं.

बोट वाकडी नाही. डोलकाठीवरची दिशादर्शक पट्टी बसवताना तीन अंशांनी फिरलेली आहे. ३८ आणि ४४ मधला फरक ६, त्याचा निम्मा ३. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये वाऱ्याच्या कोनाची दुरुस्ती असते, तिथे ३ अंश भरा, की दोन्हीकडे ४१ येईल. अधिक की उणे, ते करून बघा. चुकीच्या बाजूला गेलात तर फरक बारा होईल, लगेच कळेल. मात्र एकाच दिवसाच्या आकड्यांवर जाऊ नका. वारा पाण्यालगत एका दिशेचा आणि डोलकाठीच्या टोकाला थोडा वेगळ्या दिशेचा असतो असे दिवस येतात, विशेषतः सकाळचे. त्या दिवशी यंत्र बरोबर असूनही दोन बाजूंचे कोन वेगळे येतात. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, सपाट पाण्यात, शीड दोन्हीकडे सारखंच ओढून मोजा. भरती-ओहोटीच्या ओढीची फिकीर करू नका. बोट आणि पाणी एकत्रच वाहत असतात, त्याने हा फरक पडत नाही.

आता दुसरा भाग. हा जास्त महत्त्वाचा आहे आणि तुमच्या लक्षात आलेला नाही : तुमचा वेगमापक अडकला आहे.

सायकलवर बसलात आणि हवा पडलेली असली तरी तोंडावर वारा येतो, तो तुमचा तुम्ही केलेला. बोटीचंही तेच. समजा खरा वारा १० नॉट (तासाला १० सागरी मैल) आहे आणि बरोबर बाजूने, ९० अंशांतून येतोय. बोट ५ नॉटने पुढे चालली आहे. मग डोलकाठीवरच्या सेन्सरला जाणवतो तो ११.२ नॉटचा, आणि समोरून ६३ अंशांतून. हा भासमान वारा. सेन्सरला फक्त हाच कळतो. खरा वारा कुणी मोजत नाही, यंत्र तो हिशेबाने काढतं. भासमान वाऱ्यातून बोटीचा वेग वजा करायचा. आता वेगमापकाचं जे चिमुकलं चाक बोटीच्या तळाला पाण्याने फिरतं, त्यावर शेवाळ किंवा बार्नॅकल (बुडाला चिकटणारे कवचाचे जीव) बसून ते थांबलं, की यंत्राला वाटतं बोट उभी आहे. वजा काय करणार? शून्य. म्हणून ‘खरा वारा’ही ११.२ आणि ६३. दोन्ही आकडे एकच.

बहुतेक बोटींत ते चाक आतून वर उपसून काढता येतं. काढताना तळातून कारंजं येईल, घाबरू नका, बूच आधी हातात धरा. साताऱ्याकडच्या माणसाला पहिल्यांदा ते दृश्य बघवत नाही.

चाक साफ झाल्यावर त्याचं मापही एकदा ताडून घ्या. ओहोटीच्या ओढीसोबत एक फेरी, लगेच तिच्याविरुद्ध एक. माझ्या बोटीवर सोबत जाताना जीपीएस ६.२ नॉट दाखवत होता, उलट येताना ३.८. सरासरी ५. चाक दोन्ही वेळा ४.६ म्हणत होतं. म्हणजे चाक हळू मोजतंय, ५ भागिले ४.६, म्हणजे सुमारे १.०९ ने गुणायला सांगायचं. ते न करता नुसत्या जीपीएसशी एकाच फेरीत जुळवाल, तर ओहोटीचा वेगही कायमचा बोटीच्या नावावर जमा कराल.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, मुंबई बंदरात आयएलसीए जातीची एकट्याने चालवायची बोट शिकते. प्रशिक्षक म्हणतात सौर डिजिटल होकायंत्र घ्या. किंमत बघून छाती दडपली. खरंच लागतं का? – एक पालक, दादर

लागतं, पण आज नाही.

ते कशाला लागतं ते आधी सांगतो, म्हणजे तुमची लेक त्याचं काय करते ते तुम्हालाही किनाऱ्यावरून कळेल. दुपारी मुंबईत समुद्राकडून वारा लागतो, वायव्येच्या बाजूने. समजा तो ३०० अंशांतून येतोय. शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडात जाऊ शकत नाही, साधारण ४५ अंश बाजूला ठेवून तिरपी चढते. उजवीकडून वारा घेतला तर तिचं नाक २५५ वर, डावीकडून घेतला तर ३४५ वर. पण वारा काही एका जागी राहत नाही. मुलगी २५५ वर चालली आहे आणि हळूहळू होकायंत्र २४५ दाखवायला लागलं, तर वारा तिच्या तोंडाकडे सरकला, तिला खाली ढकलतोय. तिने ताबडतोब पलटी मारावी, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून वारा दुसऱ्या बाजूने घ्यावा. २६५ झालं तर वाऱ्याने तिला वर उचललंय, तसंच जाऊ द्यावं. शर्यतीत पुढे-मागे होणं पुष्कळदा या दहा अंशांवरच ठरतं, आणि शिडाकडे, लाटेकडे, शेजारच्या बोटीकडे बघता बघता दहा अंश नुसत्या डोळ्यांना कळत नाहीत. मोठे ठळक आकडे कळतात.

आयएलसीएच्या नियमांत चुंबकीय डिजिटल होकायंत्र चालतं, जीपीएस असलेलं किंवा जीपीएसची सोय असलेलं चालत नाही. दुकानदार ‘हे त्याहून भारी’ म्हणून जीपीएसवालं पुढे सरकवेल, फसू नका. शर्यतीची सौर होकायंत्रं उन्हावरच चालतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना चार्जरची भोकं नसतात, म्हणून पाणी शिरायलाही जागा कमी.

पण आधी एक वर्ष तिला जुन्या कॅसेटची टेप वापरू दे. घरी कुठेतरी माळ्यावर असेलच. वीतभर तुकडा कापून डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांना किंवा डोलकाठीलाच बांधायचा. इतकी हलकी असते की पंख्याच्या वाऱ्यालाही हलते, आणि भिजली तरी चिकटून बसत नाही. लोकरीचा धागा भिजला की लोंबतो. टेप आणि मानेवर लागणारा वारा यांवरून पलटी कधी मारायची ते तिला कळायला लागलं, की मग होकायंत्र द्या. तेव्हा तो आकडा तिच्या अंदाजाला दुजोरा देईल किंवा विरोध करेल. अंदाजच नसेल, तर आकडा कुणाशी ताडून पाहणार? आमच्या इथल्या एका मुलाने होकायंत्राच्या शेजारीच पाण्याच्या बाटलीचा लोखंडी हूक अडकवला होता. अख्खा मोसम पोरगं वीस अंशांनी चुकत होतं आणि त्याला संशयही आला नाही.

(कॅसेटवर कुणाचं गाणं होतं ते मात्र आधी ऐकून घ्या. मी एकदा घरातली भलतीच कापली.)

प्रश्न : यंत्र बिघडलं! सरळ बघितलं की आकडे दिसतात, मान तिरकी केली की पडदा पूर्ण काळा. दुकानदार बदलून द्यायला तयार नाही. – एक वाचक, ठाणे

दुकानदार बरोबर आहे. गॉगल काढा. तुमच्या पोलराइज्ड गॉगलची काच आणि पडद्यावरची पट्टी, प्रत्येक जण आपापल्या एकाच पातळीतला उजेड जाऊ देते. मान वळवली की एक उभी, दुसरी आडवी, उजेड बंद. डिस्प्ले बसवतानाच गॉगल घालून, तुम्ही सुकाणूवर ज्या बाजूला बसता तिथून बघून घ्यायचं असतं.

प्रश्न : बोट मांडवीत नांगरलेली होती. जूनमध्ये ताडपत्रीने नीट शाकारली. ऑक्टोबरमध्ये उघडली तर दोन्ही डिस्प्ले मेलेले. सौर आहे, आपलं आपण चार्ज होईल, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. – एक वाचक, पणजी

ताडपत्रीखाली सूर्य कुठून येणार? विकणाऱ्याने खोटं सांगितलं नाही, अर्धं सांगितलं.

ही यंत्रं पावसाळी ढगाळ उजेडातही थोडी चार्ज होतात, त्याने निभावतं. पण अंधारात चार महिने, तेही बंद न करता, किंवा बंद केल्यावरही आतलं घड्याळ थेंब थेंब पीत राहिलं, की बॅटरी पूर्ण तळाला जाते. तिथून पुष्कळ बॅटऱ्या परत येत नाहीत. तरी आशा सोडू नका. दोन्ही डिस्प्ले तीन दिवस उन्हात ठेवा, बटणं दाबत बसू नका, चौथ्या दिवशी चालू करून बघा. माझ्याकडे आलेल्यांतला एखादा असा उठून बसतो. नाही उठला, तर आतली बॅटरी बदलावी लागेल, आणि काही यंत्रांची पाठ डिंकाने कायमची बंद केलेली असते. ती कापून बॅटरी बदलता येते, पण पुन्हा पहिल्यासारखी पाणबंद करणं कठीण. मी करून देतो तेव्हा गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, पुढच्या मोसमात काचेच्या आत वाफ दिसली तर माझ्याशी भांडायचं नाही.

पुढच्या वर्षीसाठी : डिस्प्ले काढून घरी न्या. बहुतेक एका झटक्यात खाचेतून सुटतात, ही बिनतारीपणाची मला सगळ्यांत आवडती सोय. गोड्या पाण्याने धुवा, मऊ सुती फडक्याने पुसा. रॉकेल, थिनर, स्पिरिट लावायचं नाही, काच काचेची नसते, प्लास्टिकची असते आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उठतात. मग उजेडाच्या खिडकीत ठेवा, पण बंद मोटारीच्या डॅशबोर्डवर नको, तिथली उष्णता बॅटरीला खाते. आमच्या घरी माझे दोन डिस्प्ले स्वयंपाकघराच्या खिडकीत, लोणच्याच्या बरण्यांशेजारी चातुर्मास पाळतात. बायको त्यांना ‘दुसरे जावई’ म्हणते. काही काम नाही, चांगली जागा अडवून बसलेत आणि तब्येत विचारायची ती रोज.

डोलकाठीवरचा सेन्सर मात्र राहतो वरच. त्याचा शत्रू पाऊस नव्हे, पक्षी. घार आणि कावळा यांना बंदरातलं सगळ्यांत उंच आसन आवडतं, आणि सौर पट्टी नेमकी त्यांच्या शेपटीखाली येते. पहिल्या पावसात धुऊन जाईल म्हणून सोडून देऊ नका, उन्हाने भाजलेली विष्ठा सिमेंटसारखी बसते. मी सेन्सरच्या शेजारी प्लास्टिकचे दोन लांब केबल-टाय उभे बांधले आहेत. टेकायला गेलं की टोचतात. घार येत नाही. कावळा अजून विचार करतोय.

प्रश्न : माझी मासेमारीची इंजिनबोट आहे. हे सौर यंत्र लावलं तर फायदा होईल का? – एक वाचक, हर्णै

नाही. इंजिन आहे म्हणजे बॅटरी भरलेली आहे, तुम्हाला विजेची काटकसर करायचं कारणच नाही. तेच पैसे चांगल्या फिशफाइंडरवर आणि तारेच्या पक्क्या जोडणीवर घाला. संकटात इस्रोने बनवलेलं, उपग्रहामार्फत संकट-संदेश पाठवणारं डॅट यंत्र उपयोगाचं, आणि त्याच्या नव्या पिढीत तुमचा संदेश पोहोचल्याची पोचही परत येते. ते ताडपत्रीखाली गुंडाळून ठेवू नका. बस्स.

प्रश्न : माझो आजो गलबतावर तांडेल होतो. दोरीक शिसा बांधून तो पाणी मोजी. ह्या यंत्र माझ्या आज्यापेक्षा जास्ती काय सांगता? – एक वाचक, मालवण

पत्रातला सूर जरा टोचणारा आहे, पण प्रश्न चोख आहे, म्हणून शेवटी ठेवला.

यंत्र लवकर सांगतं. बोटीच्या बुडातून आवाज सोडतं, तो समुद्राच्या पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. पाणी १५ मीटर असेल, तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे वीस मिलिसेकंद. तुमच्या आजोबांची दोरी अजून हातातच असेल. आणि यंत्र सेकंदा-सेकंदाला सांगत राहतं, त्यामुळे तळ चढतोय की उतरतोय ते दिसतं. (ही खोली मोजण्याची जोडणी मात्र पूर्ण बिनतारी क्वचितच असते. पाण्यात आवाज फेकायला जोर लागतो, त्यामुळे तळातल्या भागाला बोटीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीची तार देतात आणि फक्त आकडे हवेतून डिस्प्लेवर जातात.)

पण आजोबांच्या शिशाच्या बुडाशी एक खळगा असणार. त्यात चरबी भरायची पद्धत जगभरच्या दर्यावर्दींत होती. शिसं वर आलं की चरबीला चिखल, वाळू किंवा शिंपल्यांचा चुरा चिकटलेला दिसायचा. तळ कसला आहे, नांगर धरेल की घसरेल, हे त्यावरून कळायचं. माझा डिस्प्ले ते सांगत नाही. आणि आणखी एक : दोरीवरची गाठ पाण्याच्या पृष्ठभागापासूनच मोजते. तिला दुसरं काही मोजताच येत नाही.

हे का सांगतो, तर माझीच गोष्ट. सध्याची बोट मी जुनी विकत घेतली, यंत्रासकट. पहिल्याच मोसमात उधाणाच्या दिवशी धरमतरच्या खाडीत शिरलो, ओहोटी लागलेली. आपल्याकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर उतरतं, हे मला शिकवायची गरज नव्हती. डिस्प्ले १.४ मीटर दाखवत होता. मी समजलो, बोटीच्या सर्वांत खालच्या टोकाखाली १.४ मीटर पाणी आहे. आधीच्या मालकाने ते यंत्र पृष्ठभागापासून मोजायला लावलेलं होतं. माझी बोट पाण्याखाली १.३ मीटर जाते. म्हणजे माझ्याखाली होते दहा सेंटिमीटर, आणि तेही मी पान खात असताना गेले.

बोट चिखलात अलगद बसली, आवाजसुद्धा झाला नाही. डिस्प्लेवरचा आकडा मात्र छान ठसठशीत दिसत होता, भर उन्हात. पाणी परत यायला चार तास लागले. एका होडीवाल्याने जाता जाता विचारलं, ‘साहेब, काय मोजताय?’

शिसं होतं बोटीवर. केबिनमध्ये, दोरीच्या गुंडाळीखाली. खाडीत शिरण्याआधी एकदा टाकून डिस्प्लेशी ताडून बघायला दोन मिनिटं लागली असती. गुंडाळी उचलायचा कंटाळा केला.

*(पुढच्या अंकात पंप. पत्रात बोटीची लांबी, डोलकाठी कशाची आहे आणि बोट पाण्याखाली किती जाते, हे तिन्ही कृपया लिहावं.)*